एडीएचडीसाठी कोचिंग: मुलीला, आईला आणि रोजच्या संध्याकाळला

प्रश्न थोडक्यात असा: सोळा वर्षांच्या मुलीला गेल्या वर्षी एडीएचडीचं (लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड करणाऱ्या विकाराचं) निदान झालं, त्यातला मुख्यतः लक्ष न लागण्याचा प्रकार. औषध सुरू आहे, वर्गात थोडा फरक पडलाय. पण घरी अभ्यासाला बसणं, वेळेवर निघणं, वस्तू जागेवर ठेवणं, सगळं पूर्वीसारखंच अडलेलं. निदानाच्या वेळी फॉर्म भरताना आईला प्रत्येक ओळीत स्वतःच दिसत होती. आता डॉक्टरांनी कोचिंग सुचवलंय, म्हणजे ठरवलेली कामं रोजच्या दिवसात प्रत्यक्ष व्हावीत म्हणून कोचसोबत नियमित सत्रं. आई विचारते, हा खरंच उपयोगाचा प्रकार आहे की नुसतं प्रोत्साहनाचं भाषण? दोघींना एकच कोच चालेल का? आणि तोपर्यंत रोज संध्याकाळची भांडणं कशी थांबवायची?

मी स्वतः असं कोचिंग करते, म्हणून आधी थेट उत्तरं देते. उपयोग होतो, पण एका ठरावीक कामासाठी, आणि त्याआधी काही गोष्टी जागेवर असाव्या लागतात. दोघींना एकच कोच नको. भांडणांबद्दल सांगायचं तर, तुम्ही सध्या मुलीचं घड्याळ, डायरी, शिकवणी आणि पोलीस असं सगळंच झालेल्या आहात. त्यातली काही कामं दुसऱ्याकडे जायला हवीत, काही मुलीकडे, आणि एखादं काम सरळ सोडून द्यायला हवं. आता जरा सविस्तर.

तुमच्या मुलीला विचारून बघा, परीक्षेचा अभ्यास कसा करावा? ती व्यवस्थित सांगेल. रोज थोडा करावा, फोन लांब ठेवावा, अवघड विषय आधी घ्यावा. कळतं पण वळत नाही, अशी ही अवस्था आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली यांनी अनेक दशकं हाच मुद्दा लावून धरला: अडचण माहितीची नाही, माहिती ज्या क्षणी आणि ज्या जागी वापरायची तिथली आहे. म्हणून मदतही त्या क्षणाला, त्या जागेपर्यंत पोहोचली पाहिजे. शनिवारी सकाळी शांत खोलीत झालेला छान संवाद मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, पुस्तक दप्तरात आणि फोन हातात असताना, कुठेच आठवत नाही. कोचिंगचं यश-अपयश जवळजवळ सगळं यावर ठरतं, की त्या मंगळवारपर्यंत कोच कशा प्रकारे पोहोचतो. नुसतं चांगलं बोलणारे पुष्कळ असतात.

याच्याच जोडीला वेळेचं भान. एडीएचडी असलेल्यांना भविष्य गाडीच्या दिव्यात दिसणाऱ्या रस्त्यासारखं दिसतं: प्रकाश पडेल तेवढंच खरं, पुढचं सगळं अंधारात. तीन आठवड्यांनी द्यायचा प्रकल्प आज अस्तित्वातच नसतो, आणि मग एका रात्री तो एकदम समोर उभा राहतो. आळशी माणसाला काम नको असतं. इथे काम हवं असतं, त्याची काळजीही असते, रात्री झोप लागत नाही इतकी असते, पण सुरुवात होत नाही. हा फरक घरच्यांना पटणं हाच अर्धा रस्ता आहे, आणि कित्येक घरांत तो दोन-दोन वर्षं पटत नाही.

आता औषध. शाळेत फरक आणि घरी नाही, हे वाचल्यावर माझ्या मनात पहिली शंका कोचिंगची आलीच नाही. मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरच्या नेहमीच्या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम साधारण चार तास टिकतो, सावकाश सुटणाऱ्या प्रकारांचा आठ ते बारा तास. सकाळी घेतलेला डोस संध्याकाळी अभ्यासाच्या वेळेपर्यंत उतरलेला असू शकतो, आणि उतरताना काही मुलं चिडचिडीही होतात. तुमची भांडणं नेमकी त्याच वेळी होत असतील तर डॉक्टरांना तसं सांगा. ‘संध्याकाळी त्रास होतो’ एवढं सांगून भागणार नाही. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, भांडण किती वाजता, झोप किती वाजता, असं आठवडाभर लिहून न्या. डोस, प्रकार किंवा वेळ बदलायची की नाही हे तेच ठरवतील. कोचने त्यात तोंड घालायचं नसतं. हे न बघता सुरू केलेलं कोचिंग म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

दुसरी बाजूही तितकीच खरी. औषधाने लक्ष देणं सोपं होतं, पण लक्ष कशावर द्यायचं हे औषध सांगत नाही. नियोजन, कामाचे तुकडे पाडणं, वेळेचा अंदाज बांधणं, फसल्यावर पुन्हा उभं राहणं ही कौशल्यं शिकावीच लागतात. 2010 साली मोठ्यांवरचे दोन चांगले अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात आधीपासून औषध घेणारे आणि तरीही लक्षणं उरलेले 86 प्रौढ होते, दुसऱ्यात 88. दोन्हींत नियोजन आणि कामं-वस्तू नीट लावण्याची कौशल्यं पद्धतशीर शिकवणाऱ्या मानसोपचाराने, नुसत्या आधार देणाऱ्या किंवा शिथिलीकरणाच्या सत्रांपेक्षा लक्षणं जास्त कमी झाली. कोचिंग ही पद्धत त्याच कुळातली, पण ती उपचार नाही. तिच्यावरचे अभ्यास लहान आहेत, बरेचसे कॉलेजच्या विद्यार्थ्यांवरचे. त्यांत अभ्यासाच्या सवयी आणि स्वतःवरचं नियंत्रण सुधारलेलं दिसतं. औषधामागे जेवढा पुरावा आहे तेवढा कोचिंगमागे नाही, आणि तसा दावा करणारा कोच भेटला तर सरळ पुढच्या दाराकडे जा.

प्रत्यक्षात सत्रात काय होतं ते एका उदाहरणाने सांगते. तुमच्या मुलीच्याच वयाचा एक मुलगा. विषय जीवशास्त्राचा प्रकल्प.

“प्रकल्पाचं काय?”

“करायचाय.”

“करायचाय म्हणजे पहिल्यांदा हाताने काय करशील?”

“म्हणजे… माहिती शोधेन.”

“ती कुठे?”

“लॅपटॉपवर.”

“लॅपटॉप कुठे असतो?”

“बाबांच्या खोलीत. ते कामात असतात.”

गाडी इथे अडली होती, आणि हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याला स्वतःलाही. आई म्हणत होती अभ्यास कर, शिक्षक म्हणत होते जबाबदारी घे, आणि खरी अडचण एवढीच की लॅपटॉप मागायला जायचं, तेव्हा बाबा विचारणार ‘अजून सुरूच केलं नाहीस?’, आणि तो प्रश्न टाळण्यासाठी मुलगा रोज उद्यावर ढकलत होता. आम्ही ठरवलं ते असं: बुधवारी शाळेतून आल्यावर बूट काढले, की दप्तर ठेवायच्या आधी लॅपटॉप घेऊन यायचा आणि फक्त एक कोरी फाइल उघडून तिला प्रकल्पाचं नाव द्यायचं. बस. ते झालं की मला फाइलचा फोटो पाठवायचा. बाबांशी काय बोलायचं तेही आम्ही एका वाक्यात ठरवलं: ‘लॅपटॉप एक तास हवाय, सातला परत आणतो.’ हे वाक्य तो दोनदा मोठ्याने बोलून गेला.

‘बूट काढले की लॅपटॉप’ असं बांधण्यामागे संशोधन आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी 1990 च्या दशकात मांडलेली जर-तर योजना ती हीच: ‘अमुक झालं, की तमुक करेन’ असं आधी नेमकं ठरवलं, तर ‘मी नक्की करेन’ या नुसत्या निश्चयापेक्षा काम होण्याची शक्यता बरीच वाढते. एडीएचडी असलेल्या मुलांवरच्या प्रयोगांतही या पद्धतीने मोह आवरायला मदत झालेली दिसली. यातली खुबी अशी की, त्या क्षणी इच्छाशक्ती शोधत बसावं लागत नाही. खूण समोर येते आणि हात चालतात. मात्र खूण खरीखुरी, डोळ्याला दिसणारी हवी. ‘वेळ मिळाला की’ ही खूण नव्हे, ‘मूड आला की’ तर नाहीच नाही.

पुढच्या आठवड्यात तो आला तेव्हा फोटो एकच होता. बाकी काही झालं नव्हतं. मान खाली. अशा वेळी ‘का नाही केलंस?’ विचारलं की मूल गप्प होतं किंवा खोटं बोलतं. एडीएचडी असलेल्या मुलांना या ‘का’चा लहानपणापासून इतका मारा झालेला असतो की उत्तर शोधण्याआधी ती बचावच शोधतात. मी विचारते, मध्ये काय आलं? मग कळतं की फाइल उघडली, नाव दिलं, आणि त्याच वेळी दुसरी खिडकी उघडली गेली. ठीक. ही माहिती झाली. पुढच्या वेळी कोणती खिडकी आधीच बंद असेल, हे ठरवता येतं. फसलेला आठवडा वाया गेला असं कोचिंगमध्ये धरतच नाहीत, आणि हे मुलांना दिलासा म्हणून सांगायचं नसतं. कामच तसं चालतं.

आणखी एक गोष्ट जाहिरातींत सापडणार नाही. नव्याचे नऊ दिवस हा नियम एडीएचडीत फार कडक असतो. नवी डायरी, नवं ॲप, रंगीत चिठ्ठ्यांचा फळा, सगळं पहिले दोन-तीन आठवडे झकास चालतं आणि मग एके दिवशी ते दिसेनासंच होतं. भिंतीवर असतं, पण दिसत नाही. घरचे म्हणतात, ‘बघा, हेही सोडलं.’ मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते की ही युक्ती मरणार आहे, तेव्हा घाबरायचं नाही, दुसरी आणायची. फळ्याची जागा बदला, रंग बदला, चिठ्ठीऐवजी आवाज, आवाजाऐवजी माणूस. आतली पद्धत तीच ठेवून वरचं रूप बदलत राहणं हे कोचच्या कामातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

माणूस म्हटलं म्हणून सांगते. शेजारी कोणीतरी आपलं काम करत नुसतं बसलेलं असलं, तरी एडीएचडी असलेल्या अनेकांचं काम सुरू होतं आणि टिकतं. याला बॉडी डबलिंग म्हणतात. प्रत्यक्ष शेजारी किंवा व्हिडिओ कॉलवर, आवाज बंद ठेवून. बसणाऱ्याने शिकवायचं नाही, तपासायचं नाही, ‘झालं का’ विचारायचं नाही. आयांना हे फार जड जातं, म्हणून शक्यतो मैत्रीण किंवा मावसभाऊ बरा.

आता तुमच्याबद्दल. मुलीच्या फॉर्ममध्ये आई किंवा वडील स्वतःला ओळखतात, हे इतक्या वेळा घडतं की मला त्याचं आश्चर्य वाटेनासं झालंय. जुळ्या भावंडांवरच्या अनेक अभ्यासांतून एडीएचडीतला अनुवंशाचा वाटा 70 ते 80 टक्क्यांच्या घरात येतो. मुलींमधला शांत, खिडकीबाहेर बघत बसणारा प्रकार तर पूर्वी कोणाच्या लक्षातच येत नसे. वर्गात त्रास देणारी मुलं तपासली जायची, स्वप्नाळू मुली ‘हुशार आहे पण लक्ष देत नाही’ या शेऱ्यावर पुढे जायच्या. पण ओळख पटणं म्हणजे निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची सहा प्रश्नांची छोटी चाचणी इंटरनेटवर मिळते. ती फक्त पुढे तपासणी करावी का एवढंच सांगते. 2013 पासूनच्या अमेरिकन निकषांप्रमाणे काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात (त्याआधी ही अट सात वर्षांची होती), ती आयुष्याच्या किमान दोन क्षेत्रांत दिसावी लागतात, आणि सतरा वर्षं आणि त्यावरच्यांसाठी लक्ष न लागणं आणि अतिचंचलता-उतावीळपणा या दोन गटांपैकी एकात तरी नऊपैकी पाच लक्षणं पुरतात, लहानांना सहा लागतात. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना जुनी प्रगतिपुस्तकं आणि शक्य असेल तर तुमचं लहानपण पाहिलेलं एखादं माणूस सोबत न्या. थायरॉइड, झोपेत श्वास अडकण्याचा विकार, दीर्घ चिंता, नैराश्य यांतही लक्ष उडतं, तेव्हा तेही तपासून घ्या. आयुष्यभर ठीक असलेल्या माणसाचं लक्ष चाळिशीत अचानक उडायला लागलं, तर आधी ही दुसरी कारणं शोधायची असतात.

निदान झालं तर तुमचं कोचिंग मुलीच्या कोचिंगपेक्षा फार वेगळं दिसेल. सोळाव्या वर्षी अडचण मुख्यतः कामाच्या सुरुवातीची असते. मोठ्या माणसात वर्षानुवर्षांची शरम साठलेली असते, आणि ती शरमच काम अडवते. न उघडलेली पत्रं, न दिलेली उत्तरं, ज्यांना ‘उद्या करते’ म्हटलं त्यांना टाळणं. एक गृहस्थ, कामात अत्यंत हुशार, एक पिशवीभर बंद पाकिटं घेऊन आले होते. आम्ही पहिल्या सत्रात एकही पाकीट वाचलं नाही. फक्त उघडली, कागद बाहेर काढले, तारखेप्रमाणे तीन ढीग केले. वाचायचं नाही अशी अट घातल्यावर हात मोकळा झाला. अर्धी तर केव्हाच निरुपयोगी झालेली होती. दुसऱ्या सत्रात मधला ढीग वाचला. मोठ्यांच्या बाबतीत कामाचा तुकडा किती लहान पाडायचा याचा अंदाज नेहमी चुकतो; त्यांना वाटतं एवढं लहान काम सांगणं म्हणजे अपमान. म्हणून ते मोठं ठरवतात आणि काहीच करत नाहीत.

मोठ्यांसोबत मी दोन गोष्टींवर हटून बसते. पहिली, एकच कॅलेंडर. ऑफिसचं वेगळं, घराचं वेगळं, डोक्यातलं तिसरं असं चालणार नाही. दुसरी, ‘हो’ म्हणायच्या आधी थांबणं. एडीएचडी असलेली माणसं मनापासून हो म्हणतात, कारण त्या क्षणी ते काम खरोखर आकर्षक वाटतं आणि त्याला लागणारा वेळ दिसतच नाही. ‘कॅलेंडर बघून संध्याकाळी सांगते’ हे वाक्य पाठ करून ठेवायचं. सोबत आठवडाभर कामाआधी अंदाज लिहायचा आणि नंतर खरा लागलेला वेळ. आवरून निघायला ‘दहा मिनिटं’ लागतात असं म्हणणाऱ्याला पस्तीस लागतात, आणि हे तिऱ्हाइताने सांगून पटत नाही, स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं पटतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, एकच कोच का नको. सोळा वर्षांच्या मुलीला एक जागा अशी हवी की जिथे ती ‘आज मी काहीच केलं नाही’ असं बोलू शकेल आणि ते घरी पोहोचणार नाही. कोच तुमचाही असला, की तिच्या मनात शंका येणारच. चांगला कोच सुरुवातीला एक सत्र तिघांसोबत घेतो, त्यात ठरतं की पालकांना काय कळवलं जाईल: साधारणपणे हजेरी, आणि मुलीने स्वतः सांगायला परवानगी दिलेल्या गोष्टी. जिवाला धोका, स्वतःला इजा, कोणाकडून होणारा छळ हे मात्र लपवलं जाणार नाही, हे तिच्यासमोरच सांगितलं जातं. त्यानंतर सत्रं तिची. आणखी एक अट मी सोडत नाही: मुलीला स्वतःला काहीतरी बदलायचं असलं पाहिजे. ते ‘मार्क’ असलंच पाहिजे असं नाही. एका मुलीला फक्त मैत्रिणींना उशिरा भेटणं थांबवायचं होतं, कारण त्या तिला वगळून बेत ठरवायला लागल्या होत्या. आम्ही तिथून सुरुवात केली, अभ्यास बऱ्याच नंतर आला. आईने पाठवलेल्या मुलाला मी एक-दोन भेटी देते, आणि इच्छा दिसली नाही तर थांबवते. जबरदस्तीचं कोचिंग म्हणजे आणखी एक रागवणारा माणूस.

संध्याकाळकडे येऊ. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने 2007 मध्ये मेंदूच्या चित्रांवरून दाखवलं, की एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्यावरणाची वाढ त्याच क्रमाने होते पण उशिरा: जो टप्पा इतर मुलं साधारण साडेसात वर्षांच्या सुमारास गाठतात तो इथे साडेदहाला, आणि सर्वांत जास्त उशीर नियोजन आणि संयम सांभाळणाऱ्या पुढच्या भागात. बार्कली यांचा एक ढोबळ अंदाज असाही आहे की स्वतःला आवरण्याच्या क्षमतेत ही मुलं वयाच्या सुमारे 30 टक्के मागे असतात. हा नियम म्हणून घेऊ नका, पण सोळा वर्षांच्या मुलीकडून सोळा वर्षांची शिस्त मागताना तो आठवायला हरकत नाही. बुद्धी सोळाची, वाचन कदाचित वीसचं, आणि घड्याळ सांभाळणं अकराचं, असं एकाच मुलीत असू शकतं. भांडणं इथूनच होतात, कारण बोलताना ती इतकी शहाणी वाटते.

म्हणून सगळ्या गोष्टींची आठवण करून देणं एकदम बंद करू नका. ‘आता तू मोठी झालीस, तुझं तू बघ’ हा प्रयोग बहुतेक घरांत शाळेच्या सत्राच्या मध्यावर होतो आणि महिन्याभरात कोसळतो. एकच गोष्ट निवडा, जिचं नुकसान सोसता येईल अशी. उदाहरणार्थ, खेळाचं साहित्य भरणं. ती मुलीला विचारून निवडा, तिची खूण तिलाच ठरवू द्या, आणि मग त्याबद्दल खरोखर गप्प बसा. ती विसरेल. विसरली की धावत शाळेत नेऊन देऊ नका, आणि संध्याकाळी विषयही काढू नका. ती एक सवय चार-सहा आठवडे टिकली की दुसरी. बाकी सगळ्याची आठवण करून देणं तोवर तुमच्याकडेच, आणि त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही.

बोलण्याची पद्धत मात्र आजपासून बदलता येईल. दुसऱ्या खोलीतून हाक मारून दिलेली सूचना पोहोचत नाही; जवळ जा, नजर मिळाली की एकच गोष्ट सांगा, आणि निघून या. ‘अभ्यासाला बस, आणि ते कपडे उचल, आणि उद्याचं दप्तर…’ यातलं शेवटचंच कानात राहतं, तेही राहिलं तर. अभ्यासाच्या टेबलासमोर काट्यांचं घड्याळ लावा. वेळ सरकताना दिसणं आकड्यांपेक्षा उपयोगी पडतं. पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही पद्धत लोकप्रिय आहे, पण तुमच्या मुलीला दहा मिनिटंच जमत असतील तर दहाने सुरू करा. फोन हिसकावून घेण्याची लढाई तुम्ही हराल, आणि जिंकलात तरी हराल. अभ्यासाच्या वेळी तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला असेल, असा करार तिने स्वतःच्या शब्दांत लिहू दे, आणि तुमच्या फोनलाही तोच नियम लावा.

झोपेबद्दल दोनच वाक्यं, पण ती महत्त्वाची. एडीएचडी असलेल्या बऱ्याच जणांचं शरीराचं घड्याळ मुळातच उशिरा चालतं, किशोरवयात ते आणखी पुढे सरकतं, आणि कमी झोपेनंतर लक्षणं वाढतात. कोच झोपेची विचारपूस करत नसेल तर तो अर्धंच चित्र बघतोय.

कोच निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा: हे नाव कोणीही लावू शकतं. आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन 1995 पासून आहे, तिची प्रमाणपत्रं म्हणजे कोचिंगचं सर्वसाधारण प्रशिक्षण झालंय एवढं कळतं. एडीएचडीचं स्वतंत्र प्रशिक्षण कुठे घेतलं हे वेगळं विचारा. त्याहून महत्त्वाचा प्रश्न: दोन सत्रांच्या मध्ये तुम्ही काय करता? ‘गरज पडली तर फोन करा’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण एडीएचडी असलेला माणूस गरज पडते तेव्हाच फोन करत नाही. ठरलेल्या वेळी छोटा निरोप, फोटो, दोन मिनिटांचा कॉल, यांपैकी काहीतरी हवंच. नैराश्य किंवा चिंता दिसली तर तुम्ही काय करता, हेही विचारा; ‘आम्ही तेही हाताळतो’ म्हणणाऱ्या कोचपेक्षा ‘डॉक्टरांकडे पाठवतो’ म्हणणारा बरा. औषध बंद करून दाखवू, एडीएचडी मुळापासून घालवू, अशी भाषा ऐकू आली तर उठून या. आणि शिकवणी हवी असेल तर शिकवणीच लावा, कोचकडून गणित शिकण्याची अपेक्षा ठेवू नका. वाचनात किंवा लेखनात वयाच्या मानाने ठळक अडचण असेल तर अध्ययन अक्षमतेची तपासणी आधी करा; एडीएचडीच्या सोबतीला ती पुष्कळदा असते आणि तिला नियोजनाच्या युक्त्या लागू पडत नाहीत.

आठवड्याला एक सत्र, तीस ते पन्नास मिनिटांचं, हा सर्वसाधारण क्रम. किशोरांना तीसच पुरतात. तीन महिन्यांनी हिशोब मांडा: मुलीने सुरुवातीला जे बदलायचं ठरवलं होतं त्यात तिला स्वतःला फरक दिसतो का? मार्क इतक्या लवकर हलत नाहीत, पण उशीर, विसरलेली कामं, संध्याकाळच्या भांडणांची संख्या हे हललेलं दिसायला हवं. काहीच हललं नसेल तर कोच बदला, किंवा थांबून औषध, झोप आणि मनःस्थिती पुन्हा तपासा. चाललं असेल तर सत्रं पंधरवड्यावर, मग महिन्यावर न्या. परीक्षा, कॉलेजमध्ये प्रवेश, नवी नोकरी अशा प्रत्येक वळणावर जुन्या पद्धती कोसळतात, तेव्हा काही आठवड्यांसाठी परत येणं अगदी नेहमीचं आहे.

क्रम म्हणाल तर मी असा लावेन. आधी डॉक्टरांशी, औषधाचा परिणाम संध्याकाळपर्यंत टिकतो का, याबद्दल बोलणं. मग तुमची स्वतःची तपासणी, कारण विसरभोळ्या मुलीला वेळेवर आठवण करून देण्याची जबाबदारी सध्या ज्या आईवर आहे तिलाही तेच जमत नसेल, तर दोघी एकमेकींवर चिडणारच. त्यानंतर मुलीचा कोच, आणि तुमच्या कोचचा विचार निदानानंतर. मुलीला पहिल्या भेटीआधी फक्त एवढंच विचारा की तुझ्या दिवसातली कोणती एक गोष्ट तुला सोपी झालेली हवी आहे, आणि तिचं उत्तर कोचला तिचं तिलाच सांगू द्या. तुमच्या तपासणीची अपॉइंटमेंट मिळाली की त्याच क्षणी फोनमध्ये दोन गजर लावा: एक आदल्या संध्याकाळी, प्रगतिपुस्तकं पिशवीत घालण्यासाठी, आणि दुसरा घरातून निघायच्या वेळेचा.